घरचा फ्रिज, रानातला मुक्काम

प्रस्तावना

हे पुस्तक आधी एका लाल कापडी बांधणीच्या लांबट वहीत होतं. अमळनेरातलं मोटर वाइंडिंगचं एक दुकान. वहीच्या पुढच्या बाजूने गिऱ्हाइकांची उधारी लिहिलेली आणि मागच्या बाजूने, वही उलटी धरून, गाडीत फ्रिज चालवण्याचे हिशेब. दोन्हीकडचा मजकूर सरकत सरकत मध्ये भेटला, तेव्हा मी म्हटलं, आता हे छापा. लेखकाने अट घातली की प्रस्तावना मी लिहायची. मी आयुष्यभर बँकेत बसलो. विजेचं माझं ज्ञान फ्यूज उडाला की वायरमनला हाक मारण्यापुरतं. तरी अट मान्य केली, कारण या वहीतला पहिला हिशेब माझ्याच चुकीचा आहे. पुढच्या पानांत ‘आप्पांची गाडी’ जिथे जिथे येते, ती माझी.

विषय एका वाक्यात सांगायचा तर असा: गाडीतच बिऱ्हाड मांडून, जवळपास विजेचा खांब नाही अशा ठिकाणी दोन-चार दिवस राहायचं, आणि तिथे आपला घरातलाच, २३० व्होल्टवर चालणारा फ्रिज चालू ठेवायचा. ऐकणाऱ्याला हे चोचले वाटतात. मलाही लोकांनी ऐकवलं. ‘आप्पा, तिकडे जंगलात जाऊन थंड पाणीच प्यायचं तर घरी काय वाईट होतं?’ त्याचं उत्तर माझ्या बायकोच्या इन्सुलिनमध्ये आहे, ते पुढे येईल. पण एवढं खरं की गाडीत राहायचं खूळ आता एकट्यादुकट्याचं राहिलेलं नाही. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मोठ्या व्हॅनमध्ये पलंग, ओटा, न्हाणीघर बसवून देणारे कारागीर शहरोशहरी निघाले. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांसोबत चालणारे स्वयंपाकाचे ट्रक तर आपण लहानपणापासून पाहतो. आपल्या जिल्ह्यातल्या, मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून निघणारी मुक्ताईची पालखी महिन्याभराच्या मुक्कामांनी पंढरपूर गाठते. तेवढे दिवस तो ट्रक म्हणजेच कोठीघर. त्यातल्या कुणाला दुधाची, कुणाला औषधाची काळजी असतेच.

अमेरिकेत या खुळाला शंभराहून अधिक वर्षं झाली. तिथल्या गाड्यांमध्ये फार वर्षं गॅसवर चालणारा फ्रिज असे. त्याला कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, आवाज नाही. खाली एक बारीक ज्योत जळते आणि अमोनियाचं पाणी फिरत राहून वरचा कप्पा थंड करतं. आगीने गारवा करायची ही करामत स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लॅटेन आणि मुंटर्स यांनी, १९२२ साली जुळवली. इलेक्ट्रोलक्स कंपनीने ती पुढे जगभर नेली. वीज न पोचलेल्या भागांतले घासलेटवर चालणारे फ्रिज याच जातीचे. मोठा गुणी प्राणी, पण त्याच्या दोन खोडी आहेत. गाडी तिरकी उभी राहिली की आतलं अभिसरण अडतं. आणि बाहेर कडक ऊन असेल तर बिचारा दम टाकतो. म्हणून तिकडचे लोक अलीकडे तो काढून त्या जागी घरगुती फ्रिज बसवू लागले: जागा जास्त, किंमत कमी, गारवा पक्का. फक्त त्याला वीज लागते, आणि ती रात्रंदिवस लागते. सगळी गंमत त्या ‘फक्त’मध्ये आहे.

खानदेशातल्या माणसाला मात्र बिनविजेचा मुक्काम करायला गाडी घ्यावी लागत नाही. २००५ नंतरची सात-आठ वर्षं आठवा. भुसावळजवळ दीपनगर वीजकेंद्राच्या चिमण्या आपल्याच जिल्ह्यात धूर सोडत होत्या आणि आपल्या गावांत दहा-दहा, बारा-बारा तास ‘लाईन गयी’. मळ्यात तर आजही थ्री फेज आठ तासच, त्यातही कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. केळीला पाणी भरायला माणूस रात्री दोनला उठतो. डीपी जळाली की आठ दिवसांची निश्चिंती. इन्व्हर्टर, ट्युब्युलर बॅटरी, स्टॅबिलायझर, दोन फेजवर मोटर ओढायला लावलेले कंडेन्सर, हे शब्द आमच्या बायाबापड्यांना पाठ आहेत. या पुस्तकाच्या लेखकाचा सारा अभ्यास त्याच शाळेतला. व्होल्टेज पडून जळालेल्या पाणबुडी मोटरी पंचवीस वर्षं उघडल्यावर माणसाला एक कळतं: विजेची तब्येत बिघडली की यंत्राची बिघडते, आणि लोक खापर मात्र यंत्रावर फोडतात.

आता माझी चूक.

निवृत्तीच्या पैशांतून मी एक जुनी व्हॅन घेतली. सुतार लावून आत दोन बाकडी आणि ओटा करून घेतला. (गाडीच्या मूळ नोंदीत नसलेला बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं, आरटीओची मंजुरी आधी घ्या. या भानगडीवर पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, त्यामुळे मी थांबतो.) फ्रिज कोणता यावर घरात चर्चा झाली नाही; हिने सांगितलं, आपला डबल डोअर आहे तोच. २६० लिटरचा, बर्फ न साचणारा. घरातलाच इन्व्हर्टर, त्याची १५० अँपिअर-अवरची बॅटरी, तीन वर्षं वापरलेली, तीही उचलून गाडीत ठेवली. घरी लाइट गेल्यावर याच बॅटरीवर दोन पंखे आणि टीव्ही चार तास चालत. फ्रिज तर पंख्यासारखाच, असा माझा हिशेब. हिशेब कसला, समजूत.

मे महिन्यात सकाळी दहाला निघालो. दोंडाईचा, शहादा करत तोरणमाळ. फ्रिजात हिने चार लिटर दूध, आमरसाचा डबा, कैरीचं लोणचं, आणि वाटेत लागतील म्हणून साध्या पाण्याच्या दहा बाटल्या भरल्या होत्या. शहाद्याला गाडीचा पत्रा असा तापला होता की आतून हात लावला तर चटका बसे. सात पायरीच्या घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर फ्रिजचं दार आपोआप उघडलं आणि लोणच्याची बरणी ओट्याखाली लोळत गेली. त्याचं आम्हाला हसू आलं. संध्याकाळी यशवंत तलावाच्या काठाला गाडी लावली. वारा गार, तलावात चंद्र. हिला म्हटलं, आयुष्यात आणखी काय हवं. रात्री अडीचला इन्व्हर्टरने शिट्टी मारायला सुरुवात केली.

त्या शिट्टीनंतर मी जे केलं ते कुणी करू नये. इन्व्हर्टर बंद केला, पुन्हा चालू केला. फ्रिज ‘टक्’ करून गुरगुरला आणि गप्प झाला. पुन्हा चालू केला. पुन्हा टक्. असं सहा-सात वेळा. मग आत कितपत गार आहे हे बघायला दार उघडलं. अर्ध्या तासाने परत उघडलं. सकाळपर्यंत दर अर्ध्या तासाला मी फ्रिजचं दार उघडून आतला गारवा बाहेर सोडत होतो आणि गारवा राहिलाय का ते तपासत होतो. दुपारी दूध फाटलं, आमरस फसफसला.

इन्सुलिनची न उघडलेली दोन पेनं त्याच फ्रिजात होती. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. हिचा जीव त्यातच अडकलेला. खालच्या पाड्यावर एका पावरा घरातल्या म्हाताऱ्या बाईकडे आम्ही मडकं मागायला गेलो. तिने दोन दिली: एक मोठं, एक त्यात बसणारं लहान. मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं, झाडाखाली वाऱ्याच्या तोंडाला. पेनं प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवली. ८ अंश काही मिळाले नाहीत, पण डबी हाताला छान गार लागत होती. परत आल्यावर डॉक्टरांनी विचारपूस करून ती पेनं ‘उघडलेली’ समजायला सांगितली आणि चार आठवड्यांत वापरून टाकायला लावली. ज्या कारणासाठी एवढा मोठा फ्रिज नेला, ते कारण बाईच्या मडक्याने सांभाळलं. हिने हे मला परतीच्या वाटेवर शहाद्यापर्यंत सांगितलं, आणि शहाद्यानंतरही.

अमळनेरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेलो. वार्निशचा तो उग्र गोडसर वास, भिंतीला टांगलेली तांब्याच्या तारेची रिळं, टेबलावर पोट उघडून पडलेला स्टेटर. वरून एक बल्ब लोंबतोय, तो उजेडासाठी नाही. सिरीजमध्ये लावून मोटर तपासायला. मी तावातावाने सांगितलं की फ्रिज बिघडला. लेखकाने गाडीत चढून दहा मिनिटं पाहिलं, क्लॅम्प मीटर वायरीला अडकवून फ्रिज चालू केला, आणि खाली उतरून म्हणाला, ‘‘आप्पा, फ्रिज नई बिघडना, हिसाब बिघडना.’’ मग वही उलटी केली.

तो हिशेब इथे देतो, कारण अख्खं पुस्तक त्यातून निघालं आहे. माझी बॅटरी १५० अँपिअर-अवर गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. तीन वर्षांत चौथाई ताकद गेली, उरले १३५०. आमचा डबल डोअर उन्हाळ्यात दिवसाला १.३ युनिट खातो, हे त्याने नंतर घरी मीटर लावून मोजून दिलं. (फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, पण ते ठरावीक तापमानाच्या खोलीत मोजलेले. वैशाखातल्या पत्र्याच्या गाडीत नव्हे.) सकाळी दहा ते रात्री अडीच हे साडेसोळा तास, त्याचे झाले ८९० वॅट-अवर. पाण्याच्या दहा बाटल्या ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणायला साधारण २०० वॅट-अवर. एकूण १०९०. ‘‘मग उरले की अडीचशे,’’ मी म्हटलं. तो हसला. ‘‘ते इन्व्हर्टरनी खाल्लात.’’

हा घोट माझ्या घशाखाली उतरायला वेळ लागला. इन्व्हर्टर नुसता चालू असला, त्यावर काही लावलेलंच नसलं, तरी स्वतःच्या पोटासाठी वीज ओढतो. माझा घरगुती इन्व्हर्टर तासाला १५ वॅट-अवर ओढत होता. १५ म्हणजे रात्रीच्या दिव्याएवढे, आपण त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. साडेसोळा तासांचे मात्र अडीचशे होतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर तरी मधूनमधून थांबतो. इन्व्हर्टर थांबत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर फ्रिज हे कर्जाचं व्याज आणि इन्व्हर्टर म्हणजे खातं नुसतं चालू ठेवण्याचा आकार. तो आकारच माणसाला बुडवतो. १३५० पैकी १३४० गेले होते. अडीचला शिट्टी वाजायलाच हवी होती.

आणि ते टक्-गुरगुर? कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या चालत्या गरजेच्या पाच-सहा पट करंट मागतो. १२ व्होल्टच्या बाजूला तो झटका ८० अँपिअरच्या घरात जातो. मी बॅटरी ठेवली होती ड्रायव्हरच्या मागे आणि इन्व्हर्टर फ्रिजजवळ, मध्ये पाच मीटर ६ एमएमची वायर. जाऊन येऊन दहा मीटर. एवढ्या वायरीत ८० अँपिअरला सव्वादोन व्होल्ट वाटेतच मरतात. साडेबारातले सव्वादोन गेले की इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली. म्हणजे बॅटरी भरलेली असती तरी एखाद्या वेळी त्याने दम तोडलाच असता. शिवाय बंद पडलेला कॉम्प्रेसर तीन ते पाच मिनिटं थांबू द्यावा लागतो. आतला गॅस एका बाजूला दाबून बसलेला असतो, तो समान झाल्याशिवाय मोटर उचलत नाही. मी दर वीस सेकंदांनी तिला धक्के देत होतो. ती जळाली नाही हे कंपनीचं पुण्य.

उपाय सांगायला लेखकाला एक वाक्य लागलं: बॅटरी इन्व्हर्टरच्या कुशीत ठेवा, मध्ये हातभर २५ एमएमची केबल, आणि बॅटरीच्या टर्मिनलजवळच फ्यूज. लांब न्यायचीच असेल तर २३० व्होल्टची वायर लांब न्या. तिच्यातून करंट अर्धा अँपिअर वाहतो. हे ज्याला कळलं त्याला अर्धं पुस्तक कळलं. उरलेलं अर्धं माझ्या मते जास्त मोलाचं आहे, आणि ते विजेचं नाही.

विजेवर बोलताना आपण विसरतो की आपल्याला वीज साठवायची नसते, गारवा साठवायचा असतो. लेखकाच्या डोक्यात हा विचार कुठून आला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून. तिथे लसी ठेवायच्या पेटीला आयएलआर म्हणतात. वरून झाकण उघडणारी पेटी, भिंतींच्या आत बर्फाचं अस्तर. वीज असेल तेव्हा ते अस्तर गोठवून घ्यायचं; वीज गेली की बर्फ वितळत राहतो आणि लसी २ ते ८ अंशांत राहतात. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी तिचं भागतं. आठ तास! आमच्या मळ्यातल्या फीडरचा कोटा. याच्या पुढची पायरी म्हणजे बॅटरीच नसलेले सोलर लस-फ्रिज: दिवसा पॅनलवर थेट बर्फ करतात, रात्री त्या बर्फावर झोपतात.

आता आकडे बघा. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॅट-अवर उष्णता गिळतो. फ्रिजरमध्ये पाण्याच्या बाटल्यांत गोठवलेला पाच किलो बर्फ म्हणजे साडेचारशेच्या वर. तेवढं काम कॉम्प्रेसरकडून करून घ्यायला अडीचशे-तीनशे वॅट-अवर वीज लागते. म्हणजे नाममात्र किमतीचं हे भांडवल, पाच प्लास्टिकच्या बाटल्या, माझ्या बॅटरीचा पाचवा हिस्सा वाचवतं. ही बर्फाची बॅटरी गंजत नाही, तिच्यात ॲसिड नाही, आणि वितळली तर पिता येते. दुपारी छतावरच्या सोलर पॅनलवर ऊन फुकट असतं तेव्हा फ्रिजर जोरात चालवायचा, आणि रात्री दहाला इन्व्हर्टर सरळ बंद करायचा. त्याच्या खात्याचा आकारही वाचला. पहाटेपर्यंत आतलं तापमान कसं चढतं याचा तक्ता पुस्तकात तास-तासाने दिला आहे. मी त्या तक्त्यासाठी तीन रात्री गाडीत झोपलो आहे, म्हणून त्याची खात्री देतो.

यात एक मेख आहे. हे जमतं ते एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये, जिथे वरच्या फ्रिजरचा गारवा आपोआप खाली उतरतो. बर्फ न साचणाऱ्या फ्रिजमध्ये गारवा पंखा फिरवतो. वीज गेली की पंखा गेला, वर बर्फ असून खाली दूध तापतं. शिवाय त्यात बर्फ वितळवायला दिवसातून एक-दोनदा दीडशे-दोनशे वॅटचा हीटर लागतो. बॅटरीच्या विजेने गारवा करायचा आणि बॅटरीच्याच विजेने तो वितळवायचा! म्हणून माझा कौल १९० लिटरच्या एका दाराला, त्यातही इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाल्याला, कारण तो हळूच उचलतो, ८० अँपिअरचा झटका मारत नाही. गाडीत आता तोच आहे. उन्हाळ्यात दिवसाला ०.८ युनिट. घरातल्या कौलाबद्दल शेवटी.

बर्फाच्या आधी आपल्याकडे माठ होता, आणि खानदेशात त्याचं शास्त्र जितकं चोख लागू पडतं तितकं कोकणात पडत नाही. पाणी उडून जाताना उष्णता नेतं. एक लिटर पाणी उडालं की पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता घेऊन जातं. वजनाला वजन लावलं तर बर्फाच्या सातपट. हवा कोरडी हवी, एवढीच अट. आपल्या एप्रिलची हवा हाडासारखी कोरडी. बाहेर ४३ असताना वाऱ्यावरच्या माठातलं पाणी पंचवीस अंशांच्या आसपास उतरू शकतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रत्येक घरात नवी घागर भरली जाते, पितरांच्या नावाने. नेमकं ऊन टिपेला पोचण्याच्या तोंडावर घरात नवं, सच्छिद्र, पाझरणारं मडकं येतं. ज्याने कुणी हा रिवाज पाडला त्याला बाष्पीभवन कळत होतं की नाही, यावर आमच्या गावच्या तत्त्वज्ञान मंदिराच्या कट्ट्यावर पूर्वी वाद रंगला असता. मला विचाराल तर मडकं कळत होतं, तेवढं पुरे. आता मी पिण्याचं पाणी फ्रिजात ठेवतच नाही. गाडीच्या मागच्या दाराला माठ टांगलेला असतो. त्या दहा बाटल्यांचे २०० वॅट-अवर तिथे वाचले.

बर्फ जपायचं शास्त्रही आमच्या नदीतलंच. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्या पात्रात भरते. लहानपणी तिथे गोळेवाल्याच्या लाद्या लाकडाच्या भुशात पुरून, वर गोणपाट टाकून ठेवलेल्या असत. तापलेली वाळू, आणि हात घातला तर भुशाच्या आत थंडगार. १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्याला जहाजाने बर्फ आला तोही असाच आच्छादून. निघताना १८० टन, चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडून पोचला तेव्हा १०० टन शिल्लक. चार महिने! आणि माझं दूध दुसऱ्याच दुपारी फाटलं. तेव्हा फ्रिजच्या पाठीला मोकळी हवा द्या, पण त्याच्याभोवतीच्या गाडीला मात्र आच्छादन द्या. छतावरचे पॅनल पत्र्याला चिकटवू नका, चार बोटं उंच अँगलवर बसवा. पॅनलची वीज सगळे मोजतात. पॅनलची सावली कुणी मोजत नाही.

थंडी न वापरता पदार्थ टिकवण्याची एक तऱ्हा अमळनेरातही चालत होती, तिचीही आठवण होते. इथल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याची कंपनी २९ डिसेंबर १९४५ ला नोंदली गेली. आज जग तिला विप्रो म्हणून ओळखतं. तेलाला हायड्रोजन पाजून ते घट्ट करायचं, म्हणजे लवकर खवट होत नाही आणि फळीवर राहतं. त्या काळी फ्रिज होता कुणाकडे? गोदरेजचा पहिला देशी फ्रिज निघायला १९५८ उजाडलं. वनस्पतीच्या बाजूने वा विरुद्ध मला काही म्हणायचं नाही, पण प्रवासात काय नेलं तर फ्रिज लागणारच नाही हा प्रश्न आपल्या आज्यांनी फार आधी सोडवला होता. कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, बिबडे, कुरडया, सांजोऱ्या. लेखकाने या यादीला दोन पानं दिली आहेत. एका वाइंडिंगवाल्याच्या पुस्तकात हे कशाला, असं छापखानेवाल्याने विचारलं होतं. ती पानं ठेवा म्हणून मी भांडलो.

सोलरबद्दल थोडक्यात. ऊन आपल्याकडे उदंड. साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ पासून उभा आहे तो उगाच नाही. ३३० वॅटचे दोन पॅनल, दिवसाचे पाच तास पूर्ण ऊन धरलं, धूळ-उष्णता-वायर यांत तीस टक्के सोडले, तरी २.३ युनिट मिळतात. फ्रिज आणि इन्व्हर्टर मिळून लागतं एकच्या थोडं वर. पण श्रावणात ऊन दोन तासांवर येतं आणि तीच पॅनलं ०.९ देतात, तेव्हा गाडी थोडी चालवून इंजिनच्या डायनॅमोवर भर घालावी लागते. मधे योग्य चार्जर मात्र हवा, थेट जोडणी नको. लोक दुकानात येऊन विचारतात, मळ्यातल्या सोलर पंपाच्या पॅनलवर फ्रिज लावू का? नका लावू. ती पॅनलं एकामागे एक जोडून शेकडो व्होल्ट डीसी तयार होतात. त्या करंटची ठिणगी घरच्या स्विचने विझत नाही.

एका मुद्द्यावर लेखकाचं आणि माझं जमत नाही, आणि तो मतभेद पुस्तकात तसाच ठेवला आहे. त्याचा जीव ट्युब्युलर बॅटरीवर. अमळनेरात दुरुस्त होते, भंगारातही पैसे येतात, पाणी घातलं की चालते. मी लिथियम फॉस्फेटची घेतली. वजन निम्म्याहून कमी, आणि ट्युब्युलर अर्ध्यावर थांबवावी लागते तशी ही थांबवावी लागत नाही. तो म्हणतो, तापलेल्या गाडीत ४५ अंशांच्या वर तुमची ही नाजूक राणी चार्जच घेणार नाही. खरं आहे. गेल्या मे महिन्यात तिने दोन दुपारी संप केला. मी तिला बाकड्याखालून काढून जमिनीलगतच्या, सावलीतल्या खणात हलवली, तेव्हा चालू झाली. तो हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. ट्युब्युलरमधून चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि झोपायच्या जागेत ती बंदिस्त ठेवणं धोक्याचं असतं, हे मीही प्रत्येकाला सांगतो.

भाषेबद्दल एक शब्द. छापताना कुणीतरी ‘इन्व्हर्टर’ला ‘प्रतीपक’ करायला निघालं होतं. लेखकाने त्या कागदावर फुली मारली. दुकानात जे म्हणतात तेच इथे आहे: लोड, झटका, टर्मिनल, अर्थिंग, लाईन. अहिराणी वाक्यंही जिथे हिशेब समजावताना तोंडातून आली तिथे राहू दिली आहेत. ज्यांना अडतील त्यांनी मोठ्याने वाचावीत.

आखाजी चार दिवसांवर आहे. कुंभारवाड्यातून घागर आली आहे. गाडी दारात उभी आहे, पॅनल पुसून झालेत, सणानंतर पुन्हा तोरणमाळला निघायचं ठरलं आहे. त्या म्हाताऱ्या बाईची दोन मडकी परत द्यायची राहिली आहेत. सकाळी ही डांगर घेऊन गाडीत चढली आणि ते १९० लिटरच्या खालच्या कप्प्यात काही केल्या मावेना. आडवं लावलं, उभं लावलं, जाळी काढली. मी हिला उष्णतेचं गणित सांगायला लागलो तर म्हणाली, ‘‘तुमचं गणित खाऊन पोट भरत नाही. डबल डोअरमध्ये दोन मावत होती.’’ डांगर आता ओल्या गोणपाटात गुंडाळून घागरीशेजारी ठेवलं आहे.

अमळनेर